सकाळी उठल्यावर काय काय घेता?

माझ्याकडे पासपोर्ट नाही. काढावा असं कधी मनातही आलं नाही. पण माझ्या हातची सुई घेतलेली माणसं मक्केला जाऊन आली, ऑस्ट्रेलियात शिकली, केनियात बोअरवेल खोदायला गेली आणि वरूडची एक सून तर थेट ब्राझीलच्या संत्र्याच्या बागा पाहून आली. जगाच्या नकाशावर मी कुठेच नाही, पण बऱ्याच लोकांच्या दंडावर आहे, असं मी नातेवाइकांत सांगते. सगळे हसतात, मीही हसते. मात्र मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

मी अमरावतीजवळच्या भातकुलीकडची. आई-बाबांनी दुसऱ्याच्या शेतात राबून मला नर्सिंगला धाडलं. पांढरी साडी नेसून पहिल्यांदा गावात गेले, तेव्हा आई मला घेऊन उगाचच तीन आळ्या फिरून आली होती. नोकरीची बरीच वर्षं अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात लसीकरणाच्या खोलीत गेली. निवृत्त झाल्यावर अमरावतीला मुलाकडे आले, चार दिवस घरी बसले आणि सुनेच्या डब्याबरण्यांची फेरमांडणी करू लागले. पाचव्या दिवशी मुलगाच म्हणाला, "आई, तू कुठी तरी कामाले लाग." अमरावतीत एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी त्यांनी तिथे वेगळी खोली काढली होती. मी सगळ्यांसारखंच त्यांना मॅडम म्हणते. त्यांना लसींची जाण असलेली आणि लोकांशी बोलता येणारी बाई हवी होती. लसींची जाण मला आहेच, आणि बोलण्याबद्दल आमच्या घरात कुणालाही विचारा.

लोकांचा समज असतो की परदेशी जायचं म्हणजे एक 'परदेशाची सुई' असते. ती टोचली की झालं. एक गृहस्थ विमान लागू नये म्हणून सुई मागायला आले होते. मुलाला जर्मनीला पाठवणाऱ्या एका माउलीने थंडीची लस मागितली. मी तिला लोकरीच्या दुकानाचा पत्ता दिला. खरं काम असं आहे की, माणूस जातोय कुठे, तिथे कोणत्या रोगाची भीती आहे, त्याला आधीपासून काय दुखणंखुपणं आहे आणि त्याने लहानपणी कोणत्या लसी घेतल्यात, या सगळ्याचा मेळ घालायचा. हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस लागते. शिकायला जाणाऱ्या पोरांकडे त्यांचं कॉलेज गोवराची वगैरे मागतं. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पिवळ्या तापाची लस असते. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमून दिलेल्या केंद्रातच मिळते. आम्हाला त्यासाठी नागपूर गाठावं लागतं. लस घेतली की तिथे एक पिवळं पुस्तक देतात. तिकडून परत येताना विमानतळावर ते दाखवावं लागतं. आमच्याकडे आम्ही बाकीच्या लसी देतो, माणसाची नीट तपासणी करतो, पाणी कोणतं प्यायचं, डासांपासून कसं जपायचं, गोळ्या कोणत्या पिशवीत ठेवायच्या हे सांगतो आणि मग नागपूरला धाडतो.

या कामात सुई टोचणं सगळ्यात सोपं. शिकाऊ मुलींना मी हेच सांगते. अवघड आहे ते विचारणं.

हे मी शिकले अकोल्याच्या हज कॅम्पमध्ये. त्या दिवशी दवाखान्याचं आवार भरून जायचं. जाण्याआधी ही माणसं सगळ्या नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे जाऊन 'काही चुकलं असेल तर माफ करा' म्हणून येतात. आमच्यासमोर बसल्यावरही सवयीने काही जण माझीच माफी मागायचे. एक चाचा बायकोला घेऊन आले. बायको सुईला घाबरणारी. चाचांनी स्वतःची सुई घेतली आणि दुसऱ्या हाताची बाही वर केली. "सिस्टर, इसकी भी मेरेकोच लगा दो. हम दोनो साथमेंच रहनेवाले है." मी म्हटलं, "चाचा, नमाज तिच्या वाटची तुम्ही पढता का?" चाची बुरख्याच्या आत एवढ्या हसल्या की हसता हसता त्यांना सुई कधी लागली ते कळलं नाही.

पण या कॅम्पमधली गंमत अशी की तिथे कुणालाच काही आजार नसायचा. सत्तरीचे म्हातारे, धाप लागलेले, पाय सुजलेले. "बीपी आहे?" नाही. "शुगर?" नाही. "कुछ भी नहीं है बेटी, अल्ला का करम है." आजार सांगितला तर जाऊ देणार नाहीत, ही भीती. जन्मभराची इच्छा एका उत्तरावर अडकलेली असताना खरं कोण सांगेल? मीही सांगितलं नसतं. मग एकदा एका आजीबाईंशी मी दम खाता खाता सहज बोलत होते. म्हटलं, "आजी, सकाळी उठून काय काय करता?" आजी खुलल्या. "फजर की नमाज, फिर सफेद गोली, फिर चाय, फिर वो आधी पिली गोली, फिर नाश्ता." मी पेन खालीच ठेवलं. आजींना बीपीही होतं आणि शुगरही. डॉक्टरांनी त्यांना गोळ्या नीट लावून दिल्या, सोबत न्यायची चिठ्ठी दिली, आणि आजी जाऊन सुखरूप परत आल्या. माझ्यासाठी खजूर घेऊन आल्या.

त्या दिवसापासून मी 'काही आजार आहे का' हा प्रश्न टाकूनच दिला. 'सकाळी उठल्यावर काय काय घेता?' एवढंच विचारते आणि गप्प बसते. गप्प बसणं मला जड जातं, पण तेवढ्यापुरतं बसते.

आता वासुदेवभाऊंची गोष्ट सांगते. हा लेख लिहायला बसले ती खरं तर त्यांच्याचसाठी.

वरूडकडच्या संत्रा बागायतदारांचा एक गट ब्राझीलला अभ्यास दौऱ्यावर निघणार होता. तिथे म्हणे नजर पुरणार नाही एवढ्या संत्र्याच्या बागा आहेत. एका सकाळी हे सगळे एक गाडी करून आमच्या दवाखान्यात आले. काही जोडप्याने, काही एकटे. हसणं, खिदळणं, एकमेकांना सुईची भीती घालणं चाललेलं. त्यांचे म्होरके वासुदेवभाऊ. साठी गाठलेले, कडक इस्त्रीचा सदरा, आवाज असा की खालच्या मेडिकलवाल्याने वर डोकावून पाहिलं. त्यांच्या बागेतली जुनी झाडं डिंक्याने वाळली होती. हा रोग लागला की खोडातून डिंक गळतो आणि झाड उभ्या उभ्या मरतं. भाऊंनी जिद्दीने सगळी बाग नवी लावली. ब्राझीलची माणसं डिंक्याला कशी आवरतात हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. दौरा जुळवून आणला तोही त्यांनीच. उत्साहात घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट काढून ठेवले होते. वरूडच्या टेलरकडून कोट शिवून घेतला होता.

"कोट दोनदा उसवा लागला, सिस्टर," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. "ब्राझीलच्या नावानंच आंगाले लागून राह्यलं. पहा बरं गाल!"

गाल मी पाहिलेच होते. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट पुढे, पण हातपाय काटकुळे. मनगटावर, जिथे घड्याळ घासतं तिथे, जांभळे डाग. सोबत त्यांची सून मनीषा आली होती. मुलगा मोर्शीला शाळेत मास्तर, त्यामुळे बाग सासरे आणि सून मिळून पाहत. ती सगळ्यांचे कागद मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती.

मी माझा प्रश्न विचारला. "भाऊ, सकाळी उठल्यावर काय काय घेता?"

"काईच नाई. उठतो, दात घासतो, पुडी घेतो, चहा घेतो, बगिच्यात जातो."

"पुडी कायची?"

"टोंगये दुखत होते ना गंज," गुडघ्यावर थाप मारत ते म्हणाले. "बजारात एक जडीबुटीवाला बसते. त्याची पुडी. तवापासून पहा, पोरासारखा चालतो."

"कवापासून घेऊन राह्यले?"

"मागच्या आंबिया बहारापासून, वरीस होत आलं. पन ते औषध नाई हो सिस्टर, ते लिहू नका. पुडी हाये ते."

आमच्या वऱ्हाडात औषध म्हणजे जे डॉक्टर देतो ते. पुडी औषधात धरत नाहीत. नवऱ्याला विचारा, बायकोला विचारा, दोघंही छातीवर हात ठेवून सांगतील की काही औषध चालू नाही. आणि त्यांच्या हिशेबाने ते खोटं नसतं. पण अशा काही पुड्यांत जडीबुटीबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. दुखणं जादूसारखं थांबतं. आणि आतून माणूस पोखरत जातो. चेहरा सुजतो, कातडी पातळ होते, साखर वाढते आणि अंगाची रोगाशी लढायची ताकद निघून जाते.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी तपासलं. बीपी चढलेलं, साखर चढलेली. त्यांनी भाऊंना शांतपणे सांगितलं की, पुष्कळशा लसींत मेलेला जंतू असतो. पिवळ्या तापाच्या लसीत मात्र जिवंत जंतू असतो, अशक्त केलेला. धडधाकट माणसाचं शरीर त्याला सहज आवरतं. तुमचं शरीर आज आवरू शकणार नाही. ती लसच तुमच्या जिवावर उठेल. शिवाय तुमचं वयही त्या लसीला जरा जास्तच झालंय.

भाऊंचा चेहरा उतरला. "मंग सुई न घेता जातो. तुमी चिठ्ठी द्या."

"चिठ्ठी देता येईल," मॅडम म्हणाल्या, "पण तिथले डास चिठ्ठी वाचत नाहीत."

मग मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती दोनदा सांगितली. पुडी वाईट आहे, पण ती एकदम बंद करायची नाही. शरीराला तिची सवय झालेली असते. ते स्वतःचं काम विसरून गेलेलं असतं. आम्ही गोळ्या मोजून देऊ आणि हळूहळू कमी करत आणू. पण भाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या गटातली माणसं दारात उभी राहून ऐकत होती. ज्याने सगळ्यांना ब्राझीलचं स्वप्न दाखवलं, तोच गळाला, हे सगळ्यांसमोर झालं होतं.

ते उठले. "बह्याड झाल्या का तुमी सिस्टर? मी पुडी म्हनलो म्हनून तुमी एवढं रामायण मांडलं. नाई म्हनलो असतो तं? आता नागपूरले जातो आन् तिथं नाई म्हनतो. तिथं काय तुमी येनार हा सांगाले?"

दारातल्या माणसांकडे मी पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आपल्या म्होरक्याच्या विरुद्ध यांच्यातला एकही जण बोलणार नाही, हे मला कळलं.

ते जिना उतरले तशी मी मनीषाला हाताला धरून थांबवलं. "पोरी, दोन गोष्टी. त्यायले नागपूरले जाऊ देऊ नको. आन् पुडी एकदम बंद करू देऊ नको. उलट्या, चक्कर, काही झालं तं थांबू नको, मले फोन कर." माझा नंबर तिच्या फोनमध्ये मीच टाकला. सासरे खालून हाका मारत होते.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एका माणसाचं आयुष्यभराचं एक कौतुक होतं आणि ते मी मोडलं होतं. बरोबर केलं होतं, हे माहीत होतं. तरी त्यांचा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही विचारलं नसतं तर?" मी म्हटलं, "मॅडम, विचारूनही ते ऐकत नाहीयेत, त्याचं काय करू?"

पुढच्या आठवड्यात एका सकाळी फोन वाजला.

"सिस्टर, मी मनीषा. वासुदेवभाऊची सून. मामाजी उठून नाई राह्यले. त्यायनं पुडी फेकून देल्ली. म्हनले, आता मी साफ झालो, आता नागपूरवाल्याले खोटं सांगाचं कामच नाई. दोन दिवस चांगले होते. काल उलट्या झाल्या. पित्त झालं म्हनले. आता बोलून बी नाई राह्यले बरोबर."

ही चूक फक्त आमच्याकडचा ताठ माणूसच करू शकतो. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. खोटं न बोलता नागपूरला जायचं होतं. म्हणून ज्याच्यावर शरीर उभं होतं तो खांबच त्यांनी एका दिवसात काढून टाकला.

"मनीषा, आत्ताच्या आत्ता गाडी काढ," मी म्हटलं. "अमरावतीले नको, लांब पडते. वरूडच्या सरकारी दवाखान्यात ने. तिथं गेल्या गेल्या सांग की हे स्टेरॉइड खात होते आन् एकदम सोडलं. बाकी काई सांगू नको, आंधी हेच सांग. म्हनून दाखव मले."

तिने म्हणून दाखवलं. दोनदा. मग मी मॅडमना उठवलं, त्यांनी तिथल्या डॉक्टरांना फोन लावला, आणि मी एसटी पकडली. वरूडपर्यंतचा तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. त्या दिवशी मला एकही पाहवली नाही. मोर्शीला कंडक्टर चहाला उतरला, तर मी खिडकीतून ओरडले, "भाऊ, एखांद्या दिवशी चहा नाई घेतला तं काय होईल?" बिचाऱ्याने अर्धा कप तसाच ठेवला.

दवाखान्यात पोचले तेव्हा भाऊंच्या हाताला सलाईन होतं. मनीषा दाराशीच भेटली. तिथले डॉक्टर तरुण होते, ते मला म्हणाले, "यांच्या सुनेने आत पाऊल टाकल्या टाकल्या स्टेरॉइड सोडल्याचं सांगितलं. आम्ही लगेच त्याचं इंजेक्शन दिलं. बीपी लागत नव्हतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर..." मी मनीषाच्या पाठीवरून हात फिरवला, तशी ती इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं रडली. खोटं कशाला सांगू, मीही रडले. नर्सने वॉर्डात रडू नये असं शिकवतात, पण मी ड्युटीवर कुठे होते?

दुपारकडे भाऊंनी डोळे नीट उघडले. मला पाहिलं.

"तुमी काहून आल्या?"

"आपलं भांडन अर्धं राह्यलं होतं, भाऊ. पुरं कराले आली."

ते हसले नाहीत. छताकडे पाहत म्हणाले, "म्या काई खोटं नाई बोललो, सिस्टर."

"नाई बोलले. मले मालूम हाये."

"तुमी मले सांगतलं होतं का, एकदम सोडू नका म्हनून?"

"मॅडमनं दोनदा सांगतलं."

"मले आयकू नाई आलं." ते म्हणाले, "मले फक्त येवढंच आयकू आलं का, मी ब्राझीलले जाऊन नाई राह्यलो." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

संध्याकाळी मी निघायच्या बेतात होते. गटातले दोघंतिघं भेटायला आले होते. त्यातला एक म्हणाला, "वासुदेवभाऊ, तुमच्याबिगर आमी काय पाहू तिथं? दौराच पुढं ढकलू."

"पुढं ढकलाचं काई काम नाई." भाऊंचा आवाज परत आला होता. "बगिच्यात खोडाले पेस्ट कोन लावते? आळ्यातलं पानी खोडाले लागू नये म्हनून वाफे कोन फिरवते? मी तं धुऱ्यावर खुर्ची टाकून बसतो. मनीषा!"

ती औषधाची चिठ्ठी घेऊन उभी होती.

"तुया पासपोर्ट हाये ना?"

"हाये, मामाजी."

"मंग तू जाय."

गटातल्या एकाने तोंड उघडलं, पण भाऊंनी सलाईन लागलेला हात वर केला आणि त्याने ते मिटलं. मनीषा म्हणाली, "मामाजी, मले तिथलं काय समजीन? भाषा नाई, काई नाई."

"झाडाले भाषा लागते का वं?" ते चिडून म्हणाले. "जाय म्हनलं तं जाय. आन् फोनवर मले दाखवजो."

ती आमच्याकडे तपासणीला आली तेव्हा एकटी आली. मी तिलाही सोडलं नाही. "मनीषा, सकाळी उठल्यावर काय काय घेते?"

"सगळ्यायचे डबे घेते, मंग विळा घेते, मंग फवाऱ्याचा पंप घेते," ती म्हणाली. "पुडी घेत नाई."

पाळीचं विचारलं, पिवळ्या तापाची लस अंड्यात तयार होते म्हणून अंड्याने त्रास होतो का विचारलं, लहानपणचं सगळं विचारलं. मॅडमनी तपासलं. टायफॉइडची सुई मी दिली. पिवळ्या तापाची तिने नागपूरला जाऊन घेतली आणि पिवळं पुस्तक मला दाखवायला मुद्दाम अमरावतीला आली. शाळेचा निकाल दाखवावा तसं तिने ते दोन्ही हातांनी पुढे धरलं होतं.

ती गेली. तिथून तिने लावलेला व्हिडिओ कॉल वरूडच्या घरात कसा झाला, हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं. मास्तर पोटभर हसत होते. बायको ब्राझीलच्या बागेत उभी, आणि वडील इकडून ओरडतायत, "माणसं नको दाखवू, खोड दाखव! खाली! आनखी खाली! माती उकर जराशी!" तिथला बागवान चकित. मनीषाने खुणेनेच त्याची परवानगी मागितली आणि परदेशच्या मातीत बसून बोटांनी खोडाजवळची माती उकरली. भाऊंनी इकडे चष्मा पुसला. कलमाचा जोड जमिनीपासून कितीतरी वर होता, म्हणजे पाण्याची ओल त्याला लागत नाही आणि डिंक्याला वाट मिळत नाही. "पाह्यलं?" ते मास्तरांना म्हणाले. "मी हेच सांगत होतो सगळ्यायले."

मला वाटलं, आता भाऊ मला माफ करतील. तसं काही झालं नाही. गोळ्या हळूहळू कमी करायला ते मॅडमकडे यायचे, माझ्याशी कामापुरतं बोलायचे. गुडघे परत दुखू लागले होते. हातात काठी आली होती. चेहऱ्याची सूज उतरून तो पूर्वीसारखा लांबट झाला आणि तो कोट आता त्यांना ढगळ होऊ लागला. एकदा मी म्हटलं, "भाऊ, तब्येत चांगली दिसून राह्यली." तर म्हणाले, "हो ना. ब्राझील खाल्लं तुमी माहं, तवा कुठी दिसून राह्यली." माझ्या कामात असं होतं. माणूस वाचला की त्याला वाचल्याचं काही वाटत नाही, हुकलेलं मात्र दिसत राहतं. मी त्यांच्यावर रागावले नाही. त्यांच्या जागी मीही तशीच कुढले असते.

असे काही महिने गेले. एका दुपारी मी टेबल आवरत होते. जिन्यावर काठीचा आवाज आला, आणि पाठोपाठ तो ओळखीचा मोठा आवाज. "चाल ना लेका, वर काई वाघ नाई बसला. बाई हाये एक. वाघापेक्षा जरा कडक हाये, पन चाल."

भाऊ दारात आले. त्यांनी एका माणसाला दंडाला धरून आणलं होतं. धोतर, टोपी, त्यांच्याच वयाचा. चेहरा गोल, गाल सुजलेले. मी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. जांभळे डाग.

"हा आमच्या शेवारातला नामदेव," भाऊ म्हणाले. "बजारात त्या पुडीवाल्याजवळ बसला होता. तिथूनच उचलून आनला. येता येता मी याले इचारलं, सकाळी उठल्यावर काय काय घेतो रे? बरोबर तुमच्यासारखं. तं सांगते, दात घासतो, पुडी घेतो, चहा घेतो." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ पाहिलं. "पुडी बंद कर म्हनून म्या नाई सांगतलं हो याले. घरून घेऊनच निंघाला होता आजची. मॅडमले इचारल्याबिगर सोडाची नाई, बरोबर हाये ना?"

"एकदम बरोबर," मी म्हटलं. नामदेवरावांना खुर्ची दिली, बीपीचा पट्टा काढला आणि सवयीने आमच्या खोलीतला नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. "कुठी जाचं हाये यायले?"

नामदेवराव गोंधळून भाऊंकडे पाहू लागले. भाऊ काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांच्या शेजारी बसले.

"कुठीच नाई जाचं त्याले, सिस्टर," ते म्हणाले. "इथंच राह्यचं हाये."